कुसाबाईंचा दिवा आणि पूलचा पंप

आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या पंपाला तीन वेग आहेत. पहिल्या वेगात पाणी गाळलं जातं, दुसऱ्यात वर तरंगणारा पालापाचोळा ओढला जातो. हे दोन खजिनदार अमितने ठरवले. तिसरा वेग मंगळू भोयेमुळे आला. तो कशासाठी, असं कुणी नवीन भाडेकरू विचारायला लागला की वॉचमन त्याला सरळ माझ्याकडे पाठवतो. एसटीच्या बुकिंग खिडकीवर उभा जन्म काढलेली बाई मी. एकच गोष्ट शंभर जणांना सांगायची मला सवय आहे, आणि शंभराव्याला डाफरायचीही.

मंगळू सुरगाण्याकडचा. घरी डोंगरउतारावर भात आणि नागली. पाऊस सरला की तिकडची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात, तसा तोही तरुणपणी दिंडोरीला यायचा. एका वर्षी बागांमध्ये काम मिळेना, म्हणून तो पाथर्डी फाट्यापुढच्या आमच्या इमारतीच्या बांधकामावर आला. पूलचा खड्डा ज्यांनी खोदला त्यांच्यात मंगळू होता. खड्डा झाला, टाइल्स बसल्या, पाणी भरलं, बाकीचे मजूर पुढच्या साइटवर निघून गेले. बिल्डर मंगळूला म्हणाला, "याच्याकडे जरा लक्ष दे." तेव्हापासून तो लक्ष देतोय. बायको चिमणाबाई गावी शेती बघते आणि हा सणासुदीला, कधी अधेमधे घरी जाऊन येतो.

पूलला तो तळं म्हणतो. बोलणं अगदी बेताचं. क्लोरीन घातलंस का, असं विचारलं तर "घातलं की," एवढंच म्हणतो. पण चेहरा असा करतो की, तुम्हाला नाक नाही का? मला असली माणसं आवडतात. खिडकीपलीकडे अशी माणसं उभी असती तर माझा स्वभाव इतका बिघडला नसता.

जुना पंप होता तेव्हा तो एकाच वेगाने, म्हणजे पूर्ण जोरात, दिवसभर घरघरत असायचा. विजेचं बिल आलं की सोसायटीच्या ग्रुपवर रणधुमाळी माजायची. पूल बुजवा आणि पार्किंग करा, असं म्हणणाऱ्यांत एकही जण कधी पाण्यात उतरलेला नव्हता. शेवटी अमितने कमी-जास्त वेगाचा नवा पंप आणला. अमित अंबडला कारखान्यात आहे, पोरगा शांत आणि पक्का हिशेबी. त्याने सगळ्यांना समजावलं की पंपाचा वेग निम्मा केला तर वीज निम्मी लागत नाही, त्याहून कितीतरी कमी लागते. पाणी गाळायला वेळ जास्त जातो, पण दिवसभर संथपणे गाळत राहिलं तरी खर्च कमीच येतो. आणि खरंच पुढचं बिल असं खाली आलं की पार्किंगवाले गप्प झाले.

पण नवं दुखणं सुरू झालं. पाणी तळापर्यंत नितळ आणि वर मात्र सगळा पसारा. पूलच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला एक चौकोनी खाच असते, तिच्या तोंडाशी झुलती झडप असते. त्याला स्किमर म्हणतात. पंप जोरात असला की ती झडप वाकते, वरचं पाणी आत ओढलं जातं आणि पाला, किडे, मुंग्या आतल्या जाळीच्या टोपलीत जाऊन पडतात. पंप हळू केला की झडप ढिम्म हलत नाही. शेजारच्या करंजाची फुलं पाण्यावर दिवसभर नुसती हवा खात फिरायची. मी एकदा पोहता पोहता कसला तरी पंख गिळला आणि अमितच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

अमितने वाद घातला नाही. तो खाली आला आणि मंगळूबरोबर काठावर बसून राहिला. दोघे मूठमूठ करंजाची फुलं पाण्यात टाकायचे, वेग वाढवायचे, कमी करायचे, फुलं कुठे जातात ते बघायचे. पाण्याची पातळी थोडी उतरवून स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आणली. शेवटी असं ठरलं की दिवसभर पंप हळू चालवायचा, आणि संध्याकाळी मुलं बाहेर पडली की थोडा वेळ पूर्ण वेगात चालवून दिवसभराचा पाला ओढून घ्यायचा. सकाळी जे काही तरंगत असेल ते मंगळू हातातल्या जाळीने काढणार. पाणी स्वच्छ, बिल बेताचं, मी गप्प. याहून जास्त सोसायटीला काय हवं असतं?

दोन-तीन महिने बरे गेले आणि मग बिल पुन्हा चढायला लागलं. पंपाच्या पॅनेलवर जुनी नोंद दिसते. अमितने बघितलं तर पंप रोज भल्या सकाळी पूर्ण वेगात चालत होता. त्याने मंगळूला विचारलं. मंगळू म्हणाला, "हळू करायचं हातून राहिलं, साहेब." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा सेक्रेटरी शेखर गायधनीने विचारलं, तेव्हाही हेच.

"रोज कसं राहतं?" शेखर म्हणाला. "रोज तर माणसाला आंघोळसुद्धा आठवते."

मंगळू जाळी उचलून पाण्याकडे वळला.

त्या आठवड्यात मला सकाळच्या गाडीने बहिणीकडे जायचं होतं. नाशिक रोडला वेळेवर पोचायचं म्हणून मी रोजच्यापेक्षा लवकर पोहायला उतरले. उजाडत होतं. पूलपाशी पाहिलं तर उथळ बाजूच्या पायरीवर शेखरची आई बसलेली, कुसाबाई. मंगळूने तिचा दंड धरलेला. तिच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात झेंडूचं फूल आणि पेटवलेली फुलवात. तिने द्रोण पाण्यावर ठेवला, हात जोडले. पंप जोरात घुमत होता. दिवा हलला, काठाकाठाने पुढे सरकला, आणि वळून लांबच्या टोकाकडे निघाला. म्हातारी त्याच्याकडे बघत पुटपुटत होती, घरातून बाहेर निघालेल्या माणसाशी बोलावं तसं. दिवा पार टोकाला गेल्यावर तिने समाधानाने गुडघ्यावर हात टेकले. मंगळूने तिला उठवलं, लिफ्टपर्यंत सोडलं, आणि परत येऊन द्रोण जाळीने उचलला, तुपाचा तवंग फडक्याने टिपून घेतला. मग पंप हळू केला. वळला तर समोर मी.

"मंगळू," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

त्याने जाळी झटकली. मग म्हणाला, "कुनाला सांगू नका, ताई."

कुसाबाई सायखेड्याच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून घर गोदावरीच्या काठाशी. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. रोज सकाळी गंगेला फूल वाहायचं हा त्यांचा जन्माचा नेम. नवरा निवृत्ती वारला, त्याच्या अस्थी गंगेतच सोडल्या, आणि तेव्हापासून फुलाबरोबर दिवाही आला. दिवा म्हणजे निवृत्तीशी बोलणं. मग गुडघे गेले, नजर अधू झाली आणि शेखरने आईला इथे फ्लॅटवर आणलं. इथे आल्यावर तिने मंगळूला पहिलाच प्रश्न विचारला होता, या तळ्यात पाणी कुठलं? मंगळू म्हणाला, नळाचं, गंगापूर धरणाचं. "मंग गंगाच की रं," म्हातारी म्हणाली. धरण गोदावरीवरचंच, तिच्या या बोलण्यात काय खोट काढणार? मला तर सापडली नाही.

पूजेची फुलं तोडायला म्हणून ती खाली उतरायची आणि दिवा सोडून वर जायची. जुन्या पंपाच्या जोरात दिवा आपोआप पुढे जायचा. नवा पंप आला आणि सकाळचं पाणी संथ झालं. दिवा जागच्या जागी गोल फिरून पुन्हा पायरीशी यायचा. दोन-तीन महिने म्हातारी तो बोटाने लोटत राहिली, मग तिचा धीर सुटला.

"लय रडली ताई," मंगळू सांगत होता. "म्हनली, हे रुसले. मी गाव सोडून पोराकडं आले, म्हनून माझा दिवा घेत नायत. मी सांगितलं, आजी, कुनी रुसलं नाय, साहेबांनी मशीन हळू केली हाय. तर म्हनली, मला समजावू नको. दोन दिस जेवली नाय ती. मंग काय करनार? तिसऱ्या दिशी मी बटन दाबलं."

"अरे, मग हे शेखरला सांग ना."

"नाय सांगता येनार. आजी बाथरूममधी पडली तवापासून साहेबांनी तिला तळ्याकडं यायची बंदी केलीय. कळलं तर खाली उतरूच देनार नायत. तिनं माझा हात पान्यात ठिवला आन् म्हनली, बोल, शेखरला सांगनार नाय. मी बोललो. आमच्याकडं पान्यात हात ठिवून बोललेलं मोडत नायत."

मी गाडीला गेले, पण बहिणीकडे माझं लक्ष नव्हतं. शेखर वाईट नाही. आई पडली त्या दिवसापासून तो घाबरलेला आहे, आणि घाबरलेली माणसं नियम करत सुटतात. पण त्या नियमाखाली आता मंगळू सापडला होता आणि त्याला बाहेर काढेल असं एकच तोंड होतं, माझं. तेही बंद करायला त्याने सांगून ठेवलं होतं.

रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. शेखर खरं तर समजुतीने बोलत होता. "मंगळू, एकदा कारण सांग. मी विषय इथेच संपवतो."

"कारन नाय, साहेब."

मी उठले. इतकी वर्षं पूल सांभाळणाऱ्या माणसावर एवढाही विश्वास नाही का, कुणाच्या घरी दिवसभर एसी चालतात ते मी सांगू का, असं बरंच काही सुनावलं. खरं कारण अगदी ओठांवर आलं होतं. मंगळूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बसले. अख्ख्या आयुष्यात मी शब्द गिळलेले नाहीत, त्या दिवशी गिळले.

ठराव झाला. अमितने पॅनेलला आकड्यांचं कुलूप घालायचं, संध्याकाळचा तेवढा वेळ सोडून पंप हळूच चालेल असं करायचं, आणि महिनाअखेरीस पूलचं काम हाउसकीपिंगच्या एजन्सीला द्यायचं. म्हणजे मंगळूने घरी जायचं. अमितचा चेहरा पडला होता, पण त्यालाही काही सुचेना.

बाहेर आल्यावर मी मंगळूला धरलं. "निदान म्हातारीला तरी सांगते. तुझी नोकरी चालली हे तिला कळू दे."

"तिला कळलं तर उद्यापासून यायची नाय ती, ताई," तो म्हणाला. "माझ्यासाठी बंद करंल. मंग एवढं केलं ते कशाला?"

त्याला नोकरी नको होती असं नाही. चिमणाबाईला काय सांगू, असं तो दोनदा म्हणाला. मी मनात ठरवलं की सकाळी खाली जाऊन मीच कुसाबाईंना सगळं सांगायचं. मी काही पाण्यात हात ठेवून बोलले नव्हते.

सकाळी मी पोचले तेव्हा दिवा सोडून झाला होता. पंपाचा आवाज जेमतेम येत होता. द्रोण पायरीपासून हातभर लांब गेला, तिथे घुटमळला आणि करंजाच्या फुलांबरोबर पुन्हा पायरीकडे आला. कुसाबाईंनी बोटाने तो परत लोटला. तो पुन्हा आला.

"बघ," ती मंगळूला म्हणाली. "पुन्हा रुसले."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मंगळूने चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, जणू तेवढ्याने भागणार होतं, आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. मंगळूला पोहता येत नाही. डोंगरातल्या नदीला पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात दगड, पोहायला शिकणार कधी? या पूलचा काठ त्याने इतकी वर्षं सांभाळला, पण पाण्यात त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. एका हाताने काठाची दांडी धरून, दुसऱ्या तळव्याने तो दिव्यामागचं पाणी पुढे लोटायला लागला.

सुरुवातीला त्याने जोरात लोटलं, तशी लाट उठली आणि ज्योत द्रोणात पाणी शिरून विझता विझता राहिली. मग तो इतका हळू झाला की दिवा थांबला. त्याने पुन्हा थोडा जोर लावला, पुन्हा कमी केला. पाऊल, तळवा, पाऊल, तळवा, असं करत करत त्याला चाल सापडली आणि दिवा त्याच्यापुढे निघाला. पुढे अमितने नेमका असाच वेग शोधून पंपाला लावून दिला. त्यात झडप हलते, दिवा हलतो आणि मीटर फारसं पळत नाही. एजन्सीचा विषय शेखरनेच रद्द करवला. पण ते सगळं नंतरचं.

पाणी त्याच्या कमरेला लागलं, मग छातीला. मी म्हटलं, "मंगळू, पुरे. पुढे खोल आहे." त्याने ऐकलं नाही. पाणी गळ्याशी आलं तेव्हा त्याने हनुवटी वर केली आणि दिव्याकडे बघतच राहिला.

कुसाबाईंना नीट दिसत नव्हतं, पण ज्योत पुढे चाललीय आणि तिच्यामागे एक डोकं आहे, एवढं कळत होतं. तिने हात जोडले. "अहो," ती निवृत्तीला म्हणाली, रोज म्हणायची तसंच. "आज मंगळू तुमच्यापर्यंत पोचवायला आलाय. त्याला पवता येत नाय. आता तरी रुसवा सोडा."

माझ्यामागे पावलं वाजली. शेखर आला होता. पॅनेलचं कुलूप नीट चालतंय का, ते आपलं दुकान उघडायला जायच्या आधी बघायला. कडक इस्त्रीचे कपडे, हातात गाडीची किल्ली. त्याने आईला पायरीवर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. तो ओरडणार, एवढ्यात मी त्याचं मनगट घट्ट धरलं. "गप," मी म्हटलं. "ऐक आधी."

कुसाबाई बोलतच होती. घरातलं सगळं सांगत होती. गुडघा कालपासून बरा आहे. सूनबाई बाजरीची भाकरी शिकतेय, कडा फाटतात पण चव आहे. शेखर फार काम करतो, रात्री त्याला झोप लागत नाही, तुम्ही असता तर त्याला समजावलं असतं. त्याला सांगू नका हो मी इथं येते ते, पोरगं घाबरतं.

शेखरचं मनगट माझ्या हातात ढिलं पडलं. त्याला कारण कुणी सांगावं लागलं नाही. तो पॅनेलकडे गेला, एकदोन आकडे दाबून पाहिले. कुलूप उघडेना, आकडे एकट्या अमितला ठाऊक. तोवर दिवा लांबच्या टोकापासून थोडाच अलीकडे होता आणि मंगळूला पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. दोन्ही हातांनी दांडी धरून तो नुसता टाचा उंचावत होता.

शेखरने किल्ली माझ्या हातात दिली आणि बुटांसकट पाण्यात उतरला. पोहणारा माणूस, चार हातांत मंगळूपाशी पोचला. त्याला बगलेत धरून त्याने पाठीमागे, पाय टेकतील तिथे आणलं. मंगळू खोकत म्हणाला, "साहेब, दिवा." शेखर वळला आणि बापाच्या दिव्यामागे पाणी लोटायला लागला, घाईघाईने, दोन्ही हातांनी. ज्योत आडवी झाली.

पायरीवरून त्याच्या आईने हाक दिली.

"हळू रं, शेखर. तुझा बाप हाय त्यो."